समोर बसलेल्या माणसांशी बोला: एका माइकवाल्याचे खुले पत्र

प्रति,
सर्व पक्षांचे माननीय नेते
आणि मराठी वृत्तवाहिन्यांचे माननीय संपादक यांस,

स. न. वि. वि.

माझा धंदा मंडप आणि माइकचा. कोरेगाव तालुक्यात दुकान आहे. वडिलांनी १९६६ साली एक अॅम्प्लिफायर, दोन भोंगे आणि ट्रकची एक जुनी बॅटरी एवढ्या भांडवलावर तो सुरू केला. मी १९८० पासून त्यात आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या सभा मी लावल्या आहेत. कुठल्या एका पक्षाचा माणूस मी नाही, आणि या धंद्यात तसे असून चालतही नाही. माझ्या गोदामात आज चार पक्षांचे झेंडे एकाच कोपऱ्यात पडलेले आहेत, कारण सभा संपली की ते परत न्यायला कुणी येत नाही.

गेल्या महिन्यात आमच्या गावात आपल्यापैकी एकांची सभा झाली. नाव घेत नाही, कारण उद्या दुसऱ्या कुणाच्या सभेतही हेच होणार आहे. वेळ चारची होती. टेम्पोतून बायका दोनलाच आणून बसवल्या होत्या. साहेब साडेचारला गावात पोचले आणि विश्रामगृहात जाऊन बसले. आम्ही माइक तपासून तपासून थकलो. शेवटी त्यांच्या माणसाला विचारले तर तो सहज म्हणाला, ‘पुण्याकडं दुसऱ्यांची सभा चालू आहे, सगळे चॅनेल तिकडं आहेत. आत्ता उभं राहिलं तर लाइव्ह मिळणार नाही.’ साहेब पावणेआठला बोलायला उभे राहिले. बावीस मिनिटे बोलले. माणसांच्या डोक्यावरून, मैदानाच्या मधोमध बांधलेल्या मचाणावरच्या कॅमेऱ्याकडे बघत बोलले.

धोम धरणाच्या कालव्याचे आवर्तन, म्हणजे शेतीच्या पाण्याची पाळी, कधी सुटणार, एवढे एकच विचारायला चाळीस-पन्नास शेतकरी आले होते. त्यातले एक म्हातारे गृहस्थ कागद हातात धरून उभे राहिले. दोन कार्यकर्त्यांनी त्यांना खांदे दाबून खाली बसवले. दमदाटी नव्हती, प्रेमानेच. ‘बाबा, खाली बसा, फ्रेममध्ये येताय.’

हे वाक्य मी आवाजाच्या मिक्सरवर बसून ऐकले. ते काही डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र.

थोडे मागचे सांगतो. म्हाताऱ्यांचे रडगाणे समजू नका, मला सांगायचे आहे ते कामाचे आहे. जुन्या भोंग्यांचा एक दोष होता. मैदान मोठे असले की पहिला भोंगा आधी ऐकू यायचा, लांबचा मागून, आणि समोरच्या भिंतीवर आपटून आवाज तिसऱ्यांदा परत यायचा. घाईने बोलणाऱ्याचा नुसता गलबला व्हायचा. म्हणून जुना वक्ता वाक्य टाकायचा आणि थांबायचा. शिवाजी पार्कावर आचार्य अत्रे बोलत तेही असल्याच भोंग्यांवर. त्या थांबण्यात लोक हसत, टाळी देत, मागून कुणी काहीतरी ओरडे आणि वक्ता त्याला तिथल्या तिथे उत्तर देई. वडील म्हणायचे, सभा भोंग्यात नसते, दोन वाक्यांच्या मधल्या जागेत असते. आता सामान उत्तम आले आहे, आवाज मागच्या रांगेपर्यंत स्वच्छ जातो, पण ती जागा राहिलेली नाही. मिक्सरमधून एक तार निघते, ती पेटीत जाते, पेटीतून सगळ्या वाहिन्यांना आवाज मिळतो. घरी बसलेल्याला मैदान ऐकूच येत नाही. मग वक्ता तरी मैदानाचे ऐकायला कशाला थांबेल?

टीव्ही आला म्हणून भाषण बिघडले असे मी म्हणणार नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले, पुढच्या वर्षी सिंहगडावरून चित्र पुण्याला दिसू लागले, आमच्याकडे ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी पोचले. १५ ऑगस्ट १९८२ ला लाल किल्ल्यावरचा सोहळा पहिल्यांदा रंगीत दिसला. त्या काळी पुढारी टीव्हीवर आले की टेबलामागे अवघडून बसत, समोरचा कागद वाचत, आणि आम्ही हसायचो. सभा सभेच्या जागी होती, टीव्ही टीव्हीच्या जागी.

डिसेंबर १९८९ मध्ये राष्ट्रपतींचे अभिभाषण पहिल्यांदा थेट दिसले, १९९१ पासून प्रश्नोत्तराचा तास दाखवू लागले. मला लख्ख आठवते ती मे १९९६ ची विश्वासदर्शक ठरावाची चर्चा. वाजपेयींचे तेरा दिवसांचे सरकार. बाजारपेठेत टीव्हीच्या दुकानासमोर शंभरेक माणसे उन्हात उभी होती. वाजपेयी बोलत होते ते समोरच्या बाकांशी. मध्येच कुणी टोकले की त्याला उत्तर देत होते, मोठा श्वास घेत होते, थांबत होते. शेवटी आपण राजीनामा द्यायला राष्ट्रपतींकडे निघालो आहोत असे सांगून त्यांनी भाषण संपवले. बहुमत नव्हतेच, पण दुकानासमोरचा एकही माणूस मध्ये हलला नाही. एवढे का खिळवून ठेवले त्यांनी? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. मला वाटते, ते आमच्याशी बोलतच नव्हते. ते सभागृहाशी बोलत होते आणि कॅमेरा दाराआड उभा राहून ऐकत होता. आज कॅमेरा आत येऊन पाटावर बसला आहे आणि यजमान ओसरीवर गेले आहेत.

मराठीत चोवीस तास बातम्यांच्या वाहिन्या आल्या त्या २००७-०८ च्या सुमारास, एकामागून एक. माझ्या धंद्यातला मोठा बदल तेव्हापासूनचा. आता तक्रारी एकेक सांगतो.

पहिली वेळेची. पूर्वी सभेला उशीर व्हायचा तो रस्त्यामुळे, आधीच्या गावात लोकांनी अडवून ठेवल्यामुळे. आता उशीर ठरवून होतो. संध्याकाळी सात ते नऊ टीव्हीसमोर माणसे जास्त, म्हणून भाषण तेव्हा. हे फक्त आपल्याकडे नाही. माझी मुलगी पत्रकारिता शिकली आहे. ती सांगते, अमेरिकेच्या अध्यक्षांचे संसदेपुढचे वार्षिक भाषण पूर्वी दुपारी व्हायचे, जॉन्सन यांनी १९६५ मध्ये ते रात्री नेले, लोक घरी टीव्हीसमोर असतात म्हणून. ठीक आहे. पण तिथले खासदार गाद्यांवर बसलेले असतात. आमच्या बायका सतरंजीवर पाच-सहा तास बसतात, लेकरे मांडीवर, पाण्याचा टँकर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, आणि शौचालयाचा विचार कुणी केलेलाच नसतो.

यात आणखी एक काटा आहे आणि तो माझ्याच पायात रुततो. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद हा नियम. साहेब पावणेदहाला माइकवर आले तर दहाला आवाज तोडायचा कुणी? मी तोडला तर कार्यकर्ते माझ्या अंगावर येतात, नाही तोडला तर पोलीस माझे सामान उचलतात. गुन्हा भाषण करणाऱ्यावर पडल्याचे मी तरी पाहिलेले नाही. राजस्थानात अबू रोडला सप्टेंबर २०२२ मध्ये पंतप्रधानांना उशीर झाला, दहा वाजून गेले होते, तर त्यांनी माइक न घेता दोन शब्द बोलून लोकांना वाकून नमस्कार केला. नियम पाळला, चांगलेच झाले. आणि त्या नमस्काराचे चित्र दुसऱ्या दिवशी देशभर फिरले. न झालेल्या भाषणाचीसुद्धा बातमी होते, म्हणजे कॅमेऱ्याचा महिमा केवढा बघा.

दुसरी तक्रार मचाणाची. स्टेजसमोर सुरक्षेसाठी मोकळी जागा सोडतात, तिला आम्ही ‘डी’ म्हणतो. ती ठेवावीच लागते, तिच्याबद्दल वाद नाही. पण तिच्या मागे, अगदी मधोमध, आठ-दहा फूट उंचीचा कॅमेऱ्यांचा माचा बांधायला सांगतात, कारण चेहरा समोरून पाहिजे. त्या माच्याच्या मागे बसलेल्या पाच-सातशे लोकांना साहेब दिसतच नाहीत. दिसतात कॅमेरामनच्या पाठी. मी एलईडी पडदे लावून देतो. म्हणजे तालुक्याच्या गावी चाळीस मैलांवरून येऊन माणूस शेवटी टीव्हीच बघतो. त्यापेक्षा घरी बसला असता तर चहा तरी मिळाला असता.

तिसरी तक्रार जास्त संपादकांकडे आहे. मोठ्या सभेला आता पक्ष स्वतःचेच कॅमेरे लावतो. क्रेन त्याची, चित्र जोडणारा माणूस त्याचा. ते तयार चित्र तुमच्याकडे येते आणि तुम्ही ते तुमच्या लोगोखाली ‘थेट’ म्हणून दाखवता. तुमची ओबी व्हॅन, म्हणजे थेट प्रक्षेपणाची गाडी, वाचते, माणसे वाचतात, हे मला कळते. धंदा मलाही आहे. पण त्या चित्रात रिकाम्या खुर्च्या कधी येत नाहीत. परवाच्या सभेत साडेसातपर्यंत मागचा तिसरा हिस्सा उठून गेला होता. क्रेनवरच्या पोराला कानात सांगितले जात होते, ‘डावीकडं फिरू नको, पुढच्या चार रांगाच घे.’ घरी जेवताना मी पुन्हा तेच भाषण टीव्हीवर बघितले. खाली पट्टी होती: प्रचंड जनसमुदाय. माझ्या खुर्च्या मी मोजून दिल्या होत्या आणि मोजून परत घेतल्या होत्या. त्यातल्या किती कोऱ्या परत आल्या हे मला ठाऊक आहे.

त्या पुढच्या चार रांगांबद्दलही बोलू द्या. तिथे आता एकाच रंगाचे फेटे असतात, एकाच रंगाच्या साड्या असतात, योजनेचे लाभार्थी असतात. मुलगी म्हणते, याचीही वंशावळ अमेरिकेत सापडते. तिथे १९८२ मध्ये रेगन यांनी आपल्या भाषणाच्या वेळी गॅलरीत एक माणूस बसवला होता. विमान गोठलेल्या नदीत पडले तेव्हा बुडणाऱ्या बाईला वाचवायला ज्याने पाण्यात उडी मारली, तो. बोलता बोलता रेगननी त्याच्याकडे बोट दाखवले, टाळ्या झाल्या, आणि तेव्हापासून प्रत्येक अध्यक्ष कुणा ना कुणाला बसवतोच. निदान त्या माणसाने काहीतरी केले होते. आमच्या बायकांनी काय केले? अर्ज भरला. त्यांच्याकडून उपकार मानून घ्यायला त्यांना पुढे बसवायचे आणि त्यातली एखादी ‘हप्ता आला नाही’ म्हणाली की कॅमेरा दुसरीकडे वळवायचा.

चौथी, भाषणाच्या पोटातली. पूर्वीच्या भाषणाला आरंभ असायचा, मग गावातला एखादा दाखला, मग आकडे, मग टोला. आता नुसते टोले असतात. पंधरा-वीस सेकंदांत मावेल असे वाक्य, त्यानंतर टाळ्यांसाठी मोकळी जागा, पुन्हा वाक्य. आमच्या भाषेत याला ‘बाईट काढणे’ म्हणतात आणि काही साहेबांचे मदतनीस मला आधीच सांगून ठेवतात, ‘इथं बाईट आहे, आवाज थोडा वाढवा.’ खोटे वाटेल, पण मी कागदावर खुणा करून ठेवतो. बावीस मिनिटांच्या त्या भाषणातून दिवसभर अठरा सेकंद दाखवले गेले. ते विरोधकाच्या आडनावावरच्या कोटीचे होते. संपादक म्हणतील, नेते तेवढेच देतात. नेते म्हणतील, वाहिन्या तेवढेच दाखवतात. दोघेही खरे बोलत आहात, आणि म्हणूनच मी एकच पत्र दोघांना लिहितो आहे.

याचे सगळ्यात मोठे उदाहरण आमच्याच जिल्ह्यात घडले. १८ ऑक्टोबर २०१९, सातारा, शरद पवारांची पावसातली सभा. पाऊस सुरू झाला की माइकवाल्याच्या पोटात गोळा येतो. माइकच्या दांड्यात करंट उतरला तर जीव जातो, आणि भिजत उभा असलेला माणूस तर त्या दांड्यालाच हात लावून बोलत असतो. त्यामुळे ते चित्र बघताना माझे अर्धे लक्ष वायरींकडे होते, हे कबूल करतो. पण तो क्षण मोठा होता, त्याबद्दल दुमत नाही. कुणी ठरवून पाऊस आणला नव्हता. आता मला सांगा, त्या सभेत ते काय बोलले? मी दुकानात येणाऱ्या पाचपन्नास जणांना विचारले असेल. पाऊस सगळ्यांना आठवतो. लोकसभेचा उमेदवार निवडताना आपली चूक झाली, हे त्यांनी भर सभेत मान्य केले आणि ती २१ तारखेच्या मतदानात दुरुस्त करा असे लोकांना सांगितले, हे दोघातिघांनाच आठवले. नेता व्यासपीठावरून ‘माझी चूक झाली’ म्हणतो हे गेल्या चाळीस वर्षांत मी किती वेळा ऐकले, तर एका हाताची बोटे जास्त होतील. तेवढी दुर्मीळ गोष्ट चित्राखाली वाहून गेली.

पडद्याचा मला राग नाही, हेही याच ठिकाणी सांगून टाकतो. २०१२ च्या दसऱ्याला बाळासाहेब ठाकरे प्रकृतीमुळे शिवाजी पार्कावर येऊ शकले नव्हते, त्यांचे आधी चित्रित केलेले बोलणे मैदानात दाखवले. ते पडद्यावरून आले तरी मैदानातल्या माणसांसाठीच होते. २०१९ च्या लोकसभेला राज ठाकरे यांनी ‘लाव रे तो व्हिडिओ’ केले. त्यांचा पक्ष निवडणूक लढवतही नव्हता. त्यांचे म्हणणे पटो न पटो, पण नेत्याने आधी दिलेला शब्द आणि आजची स्थिती शेजारी ठेवून लोकांना दाखवणे, हा पडद्याचा सरळ उपयोग होता. टीव्हीचेच हत्यार मैदानात आणले. आणि ८ नोव्हेंबर २०१६ चे रात्री आठचे ते नोटाबंदीचे भाषण घ्या. त्या निर्णयाने लग्नसराईच्या तोंडावर माझे काय झाले तो वेगळा विषय. पण ते भाषण उघडउघड कॅमेऱ्यापुढे केलेले होते, देखाव्यासाठी समोर कुणाला तिष्ठत बसवले नव्हते. ज्यांना टीव्हीशीच बोलायचे आहे त्यांनी खुशाल स्टुडिओत जाऊन बोलावे.

उलट ५ ऑक्टोबर २०२२ चा दसरा आठवा. शिवसेनेच्या दोन गटांपैकी एकाचा मेळावा शिवाजी पार्कावर, दुसऱ्याचा वांद्रे-कुर्ला संकुलात. टीव्हीवर दोन चौकटी. कोण आधी उभा राहतो, कुणाचे मैदान किती भरले, कोण किती मिनिटे बोलला, यावर रात्रभर चर्चा. कुस्तीचे समालोचन बरे, त्यात डाव तरी कोणता पडला ते सांगतात.

पाचवी आणि शेवटची तक्रार कायद्याची आहे. मतदान संपण्याच्या वेळेआधी ४८ तास प्रचार बंद. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२६ हे सांगते, आणि त्यात सभेसोबत दूरदर्शन संचावरून प्रचार दाखवायलाही त्या मतदारसंघात मनाई आहे. २०२४ च्या लोकसभेला साताऱ्याचे मतदान ७ मे रोजी होते. ५ तारखेला संध्याकाळी मी शिडी लावून भोंगे उतरवले. पोलीस खाली उभे होते, एक राहिला तर दंड. खाली उतरून चहा प्यायला हॉटेलात गेलो तर भिंतीवरच्या टीव्हीत पुढच्या टप्प्यातल्या जिल्ह्यातली सभा थेट चालू होती. तेच नेते, तेच मुद्दे, आवाज माझ्या भोंग्यापेक्षा मोठा. मतदान टप्प्याटप्प्याने होते म्हणून हे चालते, असे मला समजावून सांगण्यात आले. समजले. पण मग शांतता कुणासाठी होती? माझा भोंगा अर्ध्या मैलावर ऐकू जातो. तुमचा घराघरात जातो.

मागण्या फार नाहीत, आणि कुठल्याच मागणीला पैसे लागत नाहीत.

नेत्यांनी जाहीर केलेल्या वेळेच्या अर्ध्या तासात बोलायला उभे राहावे. जमत नसेल तर लोकांना तसे माइकवरून सांगावे आणि ज्यांना जायचे आहे त्यांना जाऊ द्यावे, टेम्पो अडवून ठेवू नयेत. कॅमेऱ्यांचा माचा बाजूला बांधावा. चेहरा थोडा तिरका दिसेल, त्याने मत कमी होत नाही. दहा वाजता आवाज बंद करण्याचा अधिकार माझा आहे असे आयोजकांनी परवानगीच्या अर्जातच लिहून द्यावे, आणि बंद केला नाही तर गुन्ह्यात पहिले नाव आयोजकाचे असावे.

संपादकांनी पक्षाने दिलेले चित्र दाखवताना ‘चित्रण: पक्षाकडून’ एवढी अक्षरे पडद्यावर ठेवावीत. जाहिरातीवर ‘जाहिरात’ लिहिता, तसेच. शक्य असेल तिथे आपला एक तरी कॅमेरा श्रोत्यांमध्ये मागच्या बाजूला उभा करावा. अठरा सेकंद दाखवायचे तर दाखवा, पण त्या भाषणात स्थानिक प्रश्नावर साहेब काय बोलले, किंवा काहीच बोलले नाहीत, हे एका वाक्यात त्याच बातमीत सांगा. आणि ज्या मतदारसंघात प्रचार थांबला आहे तिथे दुसरीकडच्या सभा थेट दाखवायच्या की नाहीत, यावर सगळ्या वाहिन्यांनी मिळून निवडणूक आयोगाकडे जावे. आयोग बोलावील याची वाट बघू नये.

शेवटची मागणी माझ्या धंद्यातली आहे. सभेत एक माइक खाली ठेवा. भाषण संपल्यावर पंधरा मिनिटे, गावातल्या पाच माणसांनी विचारायचे आणि साहेबांनी उत्तर द्यायचे. उत्तर नसेल तर ‘माहिती घेऊन सांगतो’ म्हणावे, लोक समजून घेतात. लांब तारेचा माइक, स्टँड आणि तो फिरवायला एक पोरगा मी देतो. त्याचे भाडे लावणार नाही, कुठल्याही पक्षाला. कागद घेऊन उभे राहिलेले ते बाबा माझ्या ओळखीचे आहेत, पहिला नंबर त्यांचा धरा.

आपला,
एक माइकवाला
कोरेगाव तालुका, जिल्हा सातारा

ता. क. – गेल्या महिन्यातल्या त्या सभेचे बिल अजून निघालेले नाही. दोनदा फोन केला, साहेब लाइव्हवर आहेत असे सांगण्यात आले.